साडूचा पाय आणि माझा खांदा

जीपमधली दाराजवळची जागा माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

मुरबाडच्या बाजूला, सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात साखरपुडा होता. ज्येष्ठ संपत आला होता. जेवणं उरकून आम्ही परत निघालो तेव्हा जीप खच्चून भरलेली. मागे समोरासमोरच्या दोन फळ्या, त्यातल्या एका फळीच्या टोकाला, उघड्या दाराशी मी. माझ्या आतल्या बाजूला माझा साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याने निघताना तंबाखू मळली होती.

"साडू, सरक आत. मला थुंकायचंय."

"तोंडात टाकायच्या आधी सुचलं नाय का?"

"सुचलं असतं तर मी तुझ्यासारखा हिशेबी झालो असतो. सरक रे."

मी आत सरकलो. तो दाराशी बसला आणि सवयीप्रमाणे एक पाय बाहेरच्या पायरीवर सोडला. पुढच्या वळणावर मागून येणाऱ्या डंपरने ओव्हरटेक करताना जीपच्या मागच्या कोपऱ्याला धडक दिली. जीप चरात कलंडली. मी उजव्या खांद्याने लोखंडी दांड्यावर आदळलो. साडूचा पाय पायरी आणि डंपर यांच्या मध्ये सापडला. दोन दिवसांनी तो गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात आम्ही एकाच वॉर्डात होतो. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्या खाटेकडे जायचा, तोंडाला पदर नाहीतर रुमाल लावायचा, आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणायचा, "तू वाचलास." त्याच्या खाटेखाली शहाळ्यांचा ढीग साचला. त्यातलं एक त्याची बायको, माझी मेहुणी, मला आणून द्यायची. "घ्या भावजी, त्यांना एवढी काय जात नायत." मी ते प्यायचो. गोड असायचं, आणि ते दुसऱ्याचं आहे हे प्रत्येक घोटाला आठवायचं.

मला त्याच्या पायाचा हेवा वाटला का? तेव्हा नाही. तेव्हा मी खरंच वाचलो होतो आणि मला ते कळत होतं. हेवा नंतर सुरू झाला, कल्याणला, वकीलबाईंच्या ऑफिसात.

आम्ही दोघांनी एकाच वकीलबाईंना काम दिलं. दावे मात्र दोन वेगळे. बाई वयाने लहान, बोलायला स्वच्छ. त्यांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं की दुखण्याला, वेदनेला भरपाई असते, पण ती थोडी. दवाखान्याचा खर्च मिळतो, बिलं असतील तेवढा. मोठा आकडा येतो तो कायमच्या अपंगत्वातून. अपंगत्व किती टक्के, त्या टक्क्याने त्या माणसाची कमाई किती घटली, आणि त्याचं वय काय. त्यातही टक्का एकच असला तरी सगळ्यांना सारखा लागत नाही. बसून लिहिणाऱ्याचा पाय आणि उभं राहून कमावणाऱ्याचा पाय कोर्ट वेगळा धरतं.

हे मला पटलं. आकड्यांच्या गोष्टी मला पटतात. सुगीत मी गिरणीवर भाताचा काटा करतो, माझ्या काट्यावर कुणी वाद घातलेला नाही. मी विचारलं, "बाई, हाड जुळलं पण हात वर जात नसेल तर?"

"काका, जुळलेलं हाड कागदावर बरं झालेलं असतं. हात वर जात नाही हे अपंगत्व तपासणाऱ्या सरकारी बोर्डाच्या डॉक्टरांना दिसलं पाहिजे. तपासताना दुखेल तिथे थांबा. पुढे जाऊ नका."

साडू शेजारी कुबड्या मांडीवर घेऊन बसला होता. तो म्हणाला, "माझं कसं, बाई? मला कुठं थांबायचं ते डॉक्टरनंच ठरवलं."

बाईंना हसू आवरेना. मलाही हसू आलं. पण परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की याला काही दाखवावं लागणार नाही.

तसंच झालं. ठाण्याला सरकारी बोर्डापुढे तो आत गेला आणि मी अजून बाकावर नीट टेकतोय तोवर बाहेर आला. मग माझी पाळी. डॉक्टर म्हणाले, "हात वर घ्या. जाईल तेवढा." मी घेतला. खांद्याच्या रेषेला आल्यावर आत काहीतरी चरचरलं. बाईंनी सांगितलेली जागा तीच होती. पण डॉक्टर दुखेल तेवढा म्हणाले नव्हते, जाईल तेवढा म्हणाले होते, आणि दात आवळले तर तो आणखी वर जात होता. मी जाईल तेवढा नेला. डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर लिहिण्यात गुंतले होते.

बायकोने बाहेर आल्या आल्या विचारलं. मी खरं ते सांगितलं.

"अवो, कशाला एवढा वर केलात? घरी पातेलं काढायला सांगितलं तर नाय जात हात!"

"त्यांनी विचारलं जाईल तेवढा."

"देवा! यांना डॉक्टरकडं नाय, शाळेत पाठवायला पायजे होतं."

तिथून येताना साडूच्या कागदावरचा टक्का आणि माझ्या कागदावरचा टक्का मी मनात शेजारी शेजारी मांडला. माझा त्याच्यापुढे इतका लहान होता की मला तो उच्चारायची लाज वाटली.

साडू भिवंडी रस्त्यावरच्या एका गोदामात सुपरवायझर. दर महिन्याला पगाराची पावती. पाय नाही हे डोळ्यांना दिसत होतं, कमाई पावतीवर दिसत होती, वय आधार कार्डावर. विमा कंपनीकडे बोलायला काही उरलंच नव्हतं. वर्षभरात लोकअदालतीत त्याचा दावा तडजोडीने मिटला. त्याच दिवशी मलाही एक रक्कम देऊ केली गेली. त्याच्या रकमेत माझी किती वेळा बसते ते मी तिथेच बाकावर काढलं. बावीस वेळा, आणि वर थोडं उरत होतं. मी नको म्हणालो आणि दावा पुढे चालवायला सांगितला.

तो पैसा काय आहे ते मला माहीत आहे, तो पायाचा पैसा आहे, हे मी स्वतःला रोज सांगत होतो. तरी त्याच्या घरावर स्लॅब पडला तेव्हा मी बघायला गेलो नाही. त्याने मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेतली. ती घेऊन तो सापगावला आमच्या दारात आला की शेजारची पोरं गोळा व्हायची, म्हातारी माणसं खुर्ची आणायची. अपघाताची गोष्ट तोच सांगायचा. चांगली सांगायचा. त्या गोष्टीत डंपर असायचा, वळण असायचं, तंबाखूसुद्धा असायची. मी नसायचो. एकदा मी म्हणालो, "त्या जागेवर आधी मी बसलेलो."

तो म्हणाला, "म्हणून तर सांगतो लोकांना, तंबाखू वाईट."

सगळे हसले. मी चहाचे कप आत नेले, दोन खेपांत, डाव्या हाताने.

माझ्या दाव्यात खरी माती झाली ती उलटतपासणीत. इथे आमच्याकडची सावड समजून घ्यायला हवी. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आम्ही शक्यतो मजूर लावत नाही. आज चार घरं माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. पैसा कुणी कुणाला देत नाही, पण कोण कुणाकडे किती माणसं आली हे सगळ्यांना पाठ असतं. अपघाताच्या वर्षी माझा हात गळ्यात बांधलेला, आणि आवणी दारात. वाडीतली घरं आली, पाड्यावरच्या बायका आल्या, माझं शेत त्यांनी वेळेत लावून दिलं. चिखलात उभं राहून माझ्याकडे बघत एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "ये रे बांधावर बस, राजावानी. पुढच्या वर्साला वळता करू."

पण सावड पुढच्या वर्षावर जात नाही. ती त्याच आवणीत फिटते. माझी बायको त्या सगळ्या घरांत गेली. तिचा वाटा आणि माझाही. आषाढभर तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या, रात्री ती हळद आणि तेल भरून पाय भिंतीला लावून झोपायची.

कोर्टात विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, "त्या वर्षी शेत पडीक राहिलं का?"

"नाही."

"आवणी वेळेत झाली?"

"वेळेतच."

"मजूर लावले?"

"नाही."

"म्हणजे मजुरीचा खर्च?"

"काही नाही. पण साहेब, ती सावड..."

"विचारलं तेवढंच सांगा. उत्पन्न नेहमीएवढंच आलं?"

मी काटा करणारा माणूस. "एक पोतं जास्तच आलं," मी म्हणालो. ते खरं होतं. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता.

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

घरी बायको भाकऱ्या थापून झाल्यावर म्हणाली, "पुढच्या तारखेला मी येते. साहेबाला माझे पाय दाखवते. बघू दे टक्का काढून."

वकीलबाईंचं म्हणणं होतं की पुढच्या तारखेला अजून साक्षीदार देता येतील. "दोन शेजारी आणा. त्या वर्षी मजुरी घेतली असं सांगतील." शेजारी तयार होते. "आमी सांगू रे, त्यात काय!" पण मजुरी कुणी घेतली नव्हती आणि मी दिली नव्हती. मी नाही म्हणालो.

"मग असा माणूस आणा," बाई म्हणाल्या, "ज्याने तुम्हाला काम करताना जवळून बघितलंय. तुम्हाला काय येत नाही ते जो खरं सांगेल. घरचं नको, बायकोचं म्हणणं हलकं धरतात."

साडूला हे त्याच्या बायकोकडून कळलं. त्याने फोन केला. "मी येतो की."

"बघू," मी म्हणालो.

"बघू काय? मी तुला बघितलंय. दवाखान्यापासून बघतोय."

"बघू म्हणलो ना."

मी बघणार नव्हतो. ज्याला सगळं आपोआप मिळालं त्याने येऊन माझ्यासाठी मागावं, हे माझ्या गळ्याखाली उतरत नव्हतं. दावा हरलो तरी चालेल असं नाही, मला तो हवाच होता. माझा हात मोडलाय असं कुणीतरी शिक्का मारून म्हणावं एवढ्यासाठी मी इतक्या तारखांना खेटे घातले होते. पण ते साडूच्या तोंडून नको होतं.

अशात यंदाची आवणी आली. मेहुणी दरवर्षी सावडीला आमच्याकडे येते. या वेळी स्कूटरवर मागे तिला बसवून साडूही आला. मला वाटलं, बांधावर बसून गोष्टी सांगेल. त्याने प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल मागितलं, नकली पाय काढून पेंढ्यावर ठेवला आणि रोपांच्या वाफ्यात जाऊन बसला. रोपं उपटायची, मुळांची माती पाण्यात झटकायची, मुठी बांधायच्या, हे काम बसूनच होतं. त्याला पायाची गरज नव्हती. दुपारपर्यंत त्याच्या मागे मुठींची रास लागली. माझ्याच वाफ्यात, माझ्यापेक्षा जास्त.

जाताना तो म्हणाला, "आमची दोन माणसं झाली. सोमवारी तुमची दोन."

म्हणजे मला जायलाच हवं होतं.

सोमवारी आम्ही मुरबाडला त्याच्या शेतावर गेलो. वीसेक माणसं होती. बायका ओळीने वाकून लावत होत्या, आणि वाफ्यातून मुठी पोचवायला एक गडी कमी होता. वाफ्यापासून ओळ जरा लांब. मुठी नेऊन ठेवायला वेळ लागतो म्हणून त्या भिरकावतात, बायकांच्या मधे मधे बरोबर पडतील अशा. चांगला गडी न बघता फेकतो. मी पूर्वी फेकायचो.

मी मुठी उचलल्या तेवढ्यात साडू स्टुलावरून ओरडला, "ए, त्याला फेकायला देऊ नका! त्याचा हात वर जात नाय!"

वीस माणसांनी वाकल्या कमरा सरळ करून माझ्याकडे बघितलं. जे डॉक्टरने लिहिलं नाही आणि वकिलाने विचारलं नाही, ते त्याने खाचरात उभ्याउभ्या, म्हणजे बसल्याबसल्या, जाहीर करून टाकलं. आणि मला ते कृतज्ञतेने घेता आलं नाही. अंगाची नुसती आग झाली. याच्या खाचरात, याच्या माणसांपुढे, हा मला अपंग म्हणतो!

मी उजव्या हातात मूठ घेतली आणि बोर्डापुढे नेला होता तसा हात नेला. जाईल तेवढा.

मूठ हातातून सुटली खरी, पण पुढे गेलीच नाही. खांद्यात कळ आली, हात मधेच वळला, आणि ती चिखलाने भरलेली मूठ बाजूला साडूच्या छातीवर जाऊन फुटली. त्याच्या तोंडावर, शर्टावर, सगळीकडे चिखल.

एक बाई म्हणाली, "गो बाय, साडूनं साडूला लावला!"

"यंदा पीक चांगलं येल तुझ्या छातीवर!" दुसरी म्हणाली, आणि अख्खी ओळ हसत सुटली.

साडू हसत नव्हता. तो तोंडावरचा चिखल बोटाने निपटत माझ्याकडे बघत होता. मी खांदा धरून उभा होतो. पाणी डोळ्यांतून गालावर आलं होतं आणि पुसायला दुसरा हात चिखलाचा होता.

"बस इथं," तो म्हणाला. त्याने कुणाला तरी दुसरं स्टूल आणायला लावलं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि डाव्या हाताने रोपं उपटायला लागलो. त्याची रास वाढत होती, माझी तेवढी नाही.

"तारीख कधी हाय?" त्याने विचारलं.

"येत्या गुरुवारी."

"मी येऊ का नको, ते सांग. बघू म्हणू नको."

मी एक मूठ बांधली. दुसरी बांधली. "ये," मी म्हणालो.

"नीट बोल."

"ये रे बाबा. तुझ्याशिवाय दुसरं कोण हाय मला ते सांगायला."

"आता बोललास. रिक्षा कर पण. स्कूटर कल्याणपर्यंत नाय नेणार."

गुरुवारी मी रिक्षा केली. कोर्टाच्या जिन्यावर लोकांनी त्याला वाट दिली. वर बाकावर दोघंजण उठून उभे राहिले, तो बसला, मी भिंतीशी उभा राहिलो. पुकारा झाल्यावर तो कुबडी टेकत पिंजऱ्यात गेला, तर न्यायाधीशबाई म्हणाल्या, "यांना खुर्ची द्या." शिपायाने खुर्ची दिली. माझी साक्ष झाली तेव्हा मी सगळा वेळ उभा होतो. मला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

त्याने सांगितलं. सावड म्हणजे काय ते सांगितलं, माझ्या बायकोने कुणाकुणाकडे फेडली ते सांगितलं, आणि मूठ कुठे पडली तेही सांगितलं. न्यायाधीशबाईंनी ते लिहून घ्यायला लावलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मी सांगितलं असतं तर इतकं नीट झालं नसतं, आणि हेही मला खुपलं.

विमा कंपनीचा वकील उठला. "तुम्ही यांचे साडू आहात. नात्यातले म्हणून यांच्या बाजूने बोलताय, असं मी म्हणतो."

साडूने त्याच्याकडे नीट बघितलं.

"साहेब," तो म्हणाला, "तुमच्याकडं साडू साडूचं चांगलं बोलतो का?"

मागच्या बाकावरून हसू आलं. न्यायाधीशबाईंनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलले. वकीलसाहेबही हसले आणि म्हणाले, "नो मोअर क्वेश्चन्स."

निकालाला वेळ आहे. वकीलबाई म्हणतात, आता आशा आहे. बाहेर आल्यावर साडू मला म्हणाला, "बस खाली जरा, दमलास." आणि स्वतः बसला होता त्या बाकावर त्याने अंग चोरून, कडेला सरकून, आत एका माणसाची जागा केली.

कडेची जागा त्याने मला दिली नाही. ती स्वतःकडेच ठेवली. मी आत बसलो.